ओल्या हातांना चालणारा फोन का हरला?

हर्णैच्या किंवा मिरकरवाड्याच्या बंदरात मासळी उतरत असताना तांडेलाचा, म्हणजे नौकेच्या प्रमुखाचा, फोन वाजला, तर त्याला आधी हात कोरडा करावा लागतो. टचस्क्रीनचं आणि खाऱ्या पाण्याचं जमत नाही. काचेखाली पारदर्शक, विद्युतवाहक पदार्थाची बारीक जाळी असते आणि तिच्या प्रत्येक छेदबिंदूवर किंचित विद्युतभार साठवलेला असतो. आपलं शरीर वीज वाहून नेतं, त्यामुळे बोट टेकलं की त्या बिंदूची भार साठवण्याची क्षमता अगदी थोडी बदलते. तेवढ्या फरकावरून फोनमधली चिप बोटाची जागा ओळखते. पण समुद्राचं पाणीही वीज वाहून नेतं. काचेवर त्याचे थेंब पडले की खरं बोट कुठलं आणि पाणी कुठलं, हे चिपला नीट कळत नाही.

2003 साली आलेल्या नोकिया 1100 ला ही अडचण नव्हती. बटणांवर एकसंध रबरी आवरण, हातातून निसटू नये अशी पकड, डोक्यावर टॉर्च आणि एकदा चार्ज केली की दिवसचे दिवस चालणारी बॅटरी. पावसाळ्यात वीज गेल्यावर गोठ्यात जायचं असो की पहाटे होडीपाशी, हा फोन कोकणासाठीच घडवल्यासारखा होता. जगभरात तो 25 कोटींहून जास्त विकला गेला. 2007 च्या अखेरीस विकल्या जाणाऱ्या दर 10 फोनांतले जवळपास 4 नोकियाचे असत. आणि 2014 मध्ये त्या कंपनीचा फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टच्या ताब्यात गेला.

फिनलंडची ही नोकिया गाफील राहिली, असं सर्रास सांगितलं जातं. मला ते पटत नाही. 2004 मध्ये तिने टचस्क्रीनचा 7710 आणला, 2005 मध्ये 770 हा इंटरनेट टॅब्लेट. 2007 मध्ये तर नॅव्हटेक ही नकाशांची कंपनी 8.1 अब्ज डॉलरला घेण्याचा करार केला. येऊ घातलेलं जवळजवळ सगळं तिने वेळेवर हेरलं होतं.

अडलं ते सॉफ्टवेअरपाशी. सिम्बियन ही तिची प्रणाली ब्रिटनच्या सायॉन कंपनीच्या छोट्या, खिशात मावणाऱ्या संगणकांच्या प्रणालीतून वाढलेली. मेमरी महाग होती, बॅटरी जपून वापरायची होती, त्या काळात तिची काटकसर हे मोठं कौशल्य होतं. पण त्याच काटकसरीपायी तिच्यासाठी प्रोग्राम लिहिणं किचकट झालं. शिवाय एका मॉडेलवर चालणारा प्रोग्राम दुसऱ्यावर चालेलच असं नव्हतं. आवृत्ती 9 आली तेव्हा तर जुने प्रोग्राम तसेच्या तसे चालेनासे झाले. चिप स्वस्त आणि ताकदवान होत गेल्या तशी काटकसरीची गरज उरली नाही, किचकटपणा मात्र राहिला.

हर्णैच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव होतो. व्यापारी तिथे जमतात म्हणून नौका तिथे लागतात, आणि नौका लागतात म्हणून व्यापारी जमतात. असा बाजार सहसा हलत नाही, पण हलायला लागला की दोन्ही बाजू एकमेकींना ओढत नेतात. फोनचं तसंच झालं. 2008 मध्ये अ‍ॅपलने अ‍ॅप स्टोअर उघडलं आणि त्याच वर्षी अँड्रॉइडचा पहिला फोन आला. अ‍ॅप लिहिणारे तिकडे गेले, मागोमाग गिऱ्हाईक गेलं. नोकियाचं तसंच दुकान, ओव्ही स्टोअर, 2009 मध्ये उघडेपर्यंत ओघ फिरला होता.

तिमो वुओरी आणि क्वी हुय या संशोधकांनी नोकियातल्या आणि बाहेरच्या 76 जणांच्या मुलाखती घेतल्या. वरिष्ठांना स्पर्धकांची आणि भागधारकांची धास्ती होती, मधल्या फळीला वरिष्ठांची. सिम्बियन वेळेत सुधारणार नाही हे इंजिनिअरांना ठाऊक होतं, पण वर पोचताना ती बातमी गोड होत जाई. सगळ्या हकिकतीत मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतं ते हेच. ज्ञान कंपनीतच होतं.

पण ओल्या हातांच्या माणसाने तरी सोयीचा फोन का सोडावा? हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहांनी मोजलेलं समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य यांवरून मासळी कुठे सापडण्याचा संभव आहे, ते कळवते. एसएमएसमध्ये अशी माहिती आली की ती अक्षांश-रेखांशांचे आकडे म्हणून येते. नकाशावर तीच जागा आणि आपली नौका एकाच वेळी दिसते. टॉवरची रेंज संपल्यावरही जीपीएस चालू राहतं, कारण ते थेट उपग्रहांचे संकेत ऐकतं. एवढं मिळत असेल तर माणूस हात पुसायला तयार होतो, फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेतो. दणकटपणाची किंमत कमी झाली नव्हती. तिच्याहून मोलाचं काही हाती आलं होतं.

2011 मध्ये नोकियाने सिम्बियन सोडून मायक्रोसॉफ्टची विंडोज फोन प्रणाली धरली. पण त्या प्रणालीकडे अ‍ॅप लिहिणारे पुरेसे वळलेच नाहीत. 2012 मध्ये फोनविक्रीत सॅमसंग पुढे गेली. चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरचा नोकियाचा कारखाना करांच्या वादामुळे मायक्रोसॉफ्टच्या व्यवहारातून वगळला गेला आणि 2014 मध्ये बंद पडला. हजारो तरुण कामगारांचा, त्यांत कितीतरी मुलींचा, रोजगार गेला. फिनलंडमधल्या पेचाची झळ त्यांना बसली, याचं वाईट वाटतं.

नोकियाचा नेटवर्कचा धंदा मात्र टिकला. 2016 मध्ये तिने अल्काटेल-ल्युसेंट ही दूरसंचार यंत्रणा बनवणारी कंपनी घेतली आणि जिथे ट्रान्झिस्टर जन्मला ती बेल लॅब्ज ही प्रयोगशाळाही तिच्याकडे आली. नेटवर्कच्या धंद्यात गिऱ्हाईक म्हणजे मोजक्या दूरसंचार कंपन्या. टॉवरवरची यंत्रणा ऊनपावसात किती वर्षं टिकेल, सिग्नल किती लांब पोचेल, हे त्या आजही आधी विचारतात.