घरासाठी डीप फ्रीझर घेण्याआधी

मे महिना लागला की आमच्या दुकानात डीप फ्रीझरची चौकशी वाढते. हापूसचा रस डब्यांत भरून ठेवायचा असतो, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून सुरमई-कोलंबीचीही बेगमी करायची असते. घाईत घेतलेला फ्रीझर मात्र पुढे कित्येक वर्षं घरातली जागा अडवतो. म्हणून पैसे भरण्याआधी एवढं वाचा.

आधी घरातल्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा बघा. त्यावर लहान चांदण्या छापलेल्या असतील. दोन चांदण्या म्हणजे उणे १२ अंश. त्यात गोठवलेला माल महिनाभर ठीक राहतो. तीन म्हणजे उणे १८. चार असतील तर ताजा माल गोठवण्याचीही ताकद आहे. (बाहेर चिकटवलेले वीजबचतीचे स्टार वेगळे, त्यांच्याशी गल्लत करू नका.) चार चांदण्यांचा फ्रीज असेल आणि रसाचे चार-पाच डबेच ठेवायचे असतील, तर नवा फ्रीझर घेऊ नका, असंच आम्ही सांगू.

घ्यायचाच असेल तर आमची पहिली पसंती पेटीसारख्या, वर झाकण उघडणाऱ्या फ्रीझरला. थंड हवा जड असते, झाकण उघडलं तरी ती तळाशीच बसून राहते. उभ्या फ्रीझरचं दार उघडलं की तीच हवा पायाशी वाहून जाते. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट किती वेळा जाते ते तुम्हाला ठाऊकच आहे. भरलेली पेटी झाकण न उघडता ठेवली, तर एखादा दिवस सहज निभावते.

उभ्याची सोय वेगळी: ड्रॉवर असतात, वाकावं लागत नाही, जागा कमी लागते. कंबर-गुडघे दुखणाऱ्यांनी तोच घ्यावा. त्यात फ्रॉस्ट फ्री असेल तर बर्फ साचत नाही, पण आत सतत पंखा फिरतो आणि नीट न गुंडाळलेला मासा कोरडा, पांढरट पडतो. काचेच्या झाकणाचा फ्रीझर दुकानासाठी, घरी नको. काचेतून उष्णता जास्त शिरते.

चार-पाच माणसांच्या घराला १०० ते १५० लिटर पुष्कळ होतात. आंब्याची स्वतःची बाग असेल तर २०० चा विचार करा. पण लिटरइतकाच दुसरा आकडा महत्त्वाचा: २४ तासांत किती किलो गोठवतो. तो मशीनच्या पट्टीवर लिहिलेला असतो. त्याहून जास्त ताजा माल एकदम कोंबला तर गोठायला वेळ लागतो, बर्फाचे खडे मोठे होतात आणि सुरमईची तुकडी शिजवताना भुगा होते. बाजारातून आणलेली टोपली दोन-तीन दिवसांत थोडी थोडी आत टाका. बांगडा, तारली तेलकट; गोठवलेली असली तरी दोन-तीन महिन्यांत संपवा.

पेटीच्या बाजू हाताला गरम लागतात, म्हणून अनेकजण फोन करतात. तो बिघाड नाही. आतली उष्णता त्याच पत्र्यातून बाहेर पडते. म्हणून भिंतीपासून चार बोटं तरी जागा सोडा आणि बाजूला पोती रचू नका. खारी हवा पत्रा खाते, तेव्हा उघड्या पडवीत ठेवू नका.

आणि एक कळकळीची विनंती. साचलेला बर्फ सुरीने किंवा उलथन्याने खरवडू नका. पेटीत गॅसची नळी आतल्या भिंतीला लागूनच असते. टोक लागलं की गॅस जातो, आणि नळी फोममध्ये गाडलेली असल्यामुळे दुरुस्ती बहुतेक वेळा होतच नाही. बर्फाचा थर अर्धा सेंटीमीटर झाला की प्लग काढा, झाकण उघडं ठेवा, बर्फ आपोआप सुटेल.

दुकानात येताना दाराची आणि जिन्याच्या वळणाची मापं घेऊन या. आम्ही फ्रीझर उभाच पोचवतो. तुम्ही टेम्पोत आडवा नेलात तर घरी उभा करून चार-पाच तासांनीच चालू करा.