कॅशबॅक: किमतीतली सूट की उत्पन्न?

विवरणपत्र भरण्याचे दिवस आले की सोलापुरातल्या कर सल्लागारांपुढे नव्या पेठेतले व्यापारी आणि नोकरदार एकच शंका मांडतात: क्रेडिट कार्डाचे पॉइंट्स आणि कॅशबॅक उत्पन्नात धरायचे का? भारतीय प्राप्तिकर कायद्यात यासाठी स्वतंत्र कलम नाही, त्यामुळे उत्तर सर्वसाधारण तत्त्वांतूनच काढावे लागते.

या तत्त्वांचा कस अमेरिकेत आधी लागला. मोटार कंपनीने खरेदीदाराला परत केलेली रक्कम हे उत्पन्न नसून किमतीतली सूट आहे, असे तिथल्या महसूल खात्याने १९७६ मध्ये ठरवले आणि पुढे कार्डाच्या कॅशबॅकलाही तोच न्याय लागला. बँकेत पैसे ठेवल्याबद्दल मिळणाऱ्या बक्षिसामागे मात्र खरेदीच नसते. म्हणूनच २०१४ मध्ये तिथल्या कर न्यायालयाने सिटीबँकेच्या पॉइंट्सवर घेतलेले विमानाचे तिकीट व्याजासारखे करपात्र ठरवले. २०२१ चा निकाल अधिक रंजक आहे. एका दाम्पत्याने कार्डावर गिफ्ट कार्डे घ्यायची, त्यांवर मनीऑर्डरी (आधी पैसे भरून घेतलेले, बँकेत वटवता येणारे कागद) काढायच्या, त्या बँकेत भरून कार्डाचे बिल फेडायचे, असा फेरा चालवून दोन वर्षांत तीन लाख डॉलरहून अधिक कॅशबॅक मिळवला. न्यायालयाने गिफ्ट कार्डांवरचा लाभ करमुक्त ठेवला. कार्डाने थेट घेतलेल्या मनीऑर्डरींवरचा मात्र करपात्र धरला, कारण त्या रोख रकमेसारख्याच होत्या.

आपल्याकडे धंद्यातून मिळणाऱ्या लाभावर (नफ्यावर नव्हे, भेटी-सवलतींसारख्या फायद्यावर) कर लावणारी तरतूद १९६४ मध्ये कलम २८ मध्ये आली. ती रोख लाभाला लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये महिंद्रा अँड महिंद्राच्या प्रकरणात म्हटले. २०२३ च्या वित्त कायद्याने ती पळवाट बुजवली. त्याआधीच, १ जुलै २०२२ पासून, वर्षाला २०,००० रुपयांवरच्या अशा लाभावर १० टक्के टीडीएस (लाभ देणाऱ्याने आधीच कापायचा कर) सुरू झाला होता, मात्र विक्रीवरची सूट परिपत्रकाने त्यातून वगळली.

घरखर्चावरचा कॅशबॅक सूट मानणे मला रास्त वाटते, कारण त्या खर्चाची वजावट कोणी मागितलेलीच नसते. टॉवेल कारखानदाराचे तसे नाही. सुताचे पाच लाखांचे बिल कार्डाने भरून पाच हजार परत मिळाले, तर वह्यांत खर्च ४,९५,००० पडायला हवा, किंवा ते पाच हजार जमेला दिसायला हवेत. पूर्ण पाच लाख खर्ची टाकून कॅशबॅक घरच्या खात्यात वळवणे तपासणीत टिकणार नाही.