गोठलेला पाइप नेमका कुठे फुटतो?

पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं, हे शाळेतच शिकलेलं असतं. त्यामुळे बर्फ जिथे धरला तिथेच पाइप फाटत असणार, असं वाटतं. बहुतेक वेळा मात्र चीर भलतीकडेच सापडते. थंड कोपऱ्यात बर्फाचा बोळा बसला की तो पाइपच्या लांबीने वाढत जातो आणि पुढचं पाणी बंद नळाकडे रेटतो. कोंडलेल्या पाण्याला जायला जागा नसते, दाब बेसुमार चढतो आणि सांधा उघडतो किंवा तांब्याचा पाइप फाटतो, कधीकधी अगदी उबदार भागातही. बोळ्याने पाणी अडवलेलं असल्याने गळती दिसते ती वितळल्यावर.

म्हणूनच कडाक्याच्या रात्री नळ थेंब-थेंब गळत ठेवायचा. बर्फ तरीही धरू शकतो, पण कोंडलेल्या पाण्याला वाट राहते. बाहेरच्या भिंतीलगतचे नळ निवडा, गरम आणि थंड दोन्ही. सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवा.

इलिनॉय विद्यापीठातल्या प्रयोगांत पोटमाळ्यावरचे उघडे पाइप बाहेर उणे 7 अंश सेल्सिअसच्या आसपास गोठू लागले. भिंतीच्या फटीतून वारा थेट पाइपवर येत असेल, तर तेवढी थंडीही लागत नाही; आधी त्या फटी बुजवा. पाइपवर चढवायच्या फोमच्या नळकांड्यांवर फार भिस्त नको. फोम उष्णता निर्माण करत नाही, फक्त ती निघून जायला वेळ लावतो. फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासात वीज दिवसचे दिवस गेली, तेव्हा पोटमाळ्यातून पाइप नेलेली असंख्य घरं अशीच भिजली. जिथे ऊब पोचतच नाही तिथे विजेची हीट केबल लावावी, शक्यतो तापमानानुसार स्वतःच कमी-जास्त तापणारी.

न्यू जर्सी किंवा शिकागोतून डिसेंबरात महिनाभर भारतात येणाऱ्यांनी बिल वाचवायला हीटिंग बंद करू नये. थर्मोस्टॅट 13 अंशांच्या (55 फॅरनहाइट) खाली नेऊ नये. मुख्य व्हॉल्व्ह बंद करून सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा नळ उघडावा, म्हणजे पाइपातलं पाणी उतरेल. घर गरम पाण्याच्या रेडिएटरवर चालत असेल किंवा आगीसाठी स्प्रिंकलर असतील, तर व्हॉल्व्हला हात लावण्याआधी प्लंबरला विचारा.

अंगणातल्या नळाची गंमत वेगळी. न गोठणारा म्हणून विकल्या जाणाऱ्या नळाची पाणी अडवणारी झडप भिंतीच्या आत, उबदार बाजूला असते. बंद केल्यावर पुढच्या नळीतलं पाणी गळून जायला हवं. होज (बागेला पाणी घालायचा रबरी पाइप) तसाच लावून ठेवला की ते अडकतं, गोठतं आणि नळी आतल्या आत फाटते. कळतं मात्र वसंतात, झाडांना पाणी घालायला नळ सोडल्यावर भिंतीच्या आत पाणी झिरपू लागतं तेव्हा.

पाइप गोठलाच, तर नळ उघडा ठेवून हेअर ड्रायरने नळाच्या बाजूने मागे मागे वितळवत जा, म्हणजे वितळलेलं पाणी बाहेर पडेल. ज्योत लावू नका. कुणाला तरी मुख्य व्हॉल्व्हपाशी उभं करा.