गारठलेली माशी, गोठलेली अळी

डिसेंबरात बेळगावजवळच्या कडोलीच्या शिवारात सूर्य उगवायच्या आधी गेलं, तर बांधावरच्या वाळक्या काडीला निळ्या पट्ट्यांची रानमाशी, म्हणजे एक रानटी मधमाशी, लटकलेली दिसते. काडी जबड्यात घट्ट, पाय पोटाशी आखडलेले, अंगावर दव. "मेलं न्हाई त्ये, गारठलंय," आजी म्हणायची आणि ती काडीच अलगद मोडून उन्हात ठेवायची. आधी एक पाय हले, मग पोट आत-बाहेर होऊ लागे. पंख मिटलेलेच, पण छातीत बारीक थरथर सुरू होई, आणि बघता बघता माशी उडून जाई.

आजीला जे दिसत होतं, त्याचं उत्तर सापडायला शास्त्राला फार वेळ लागला. त्याचं एक कारण मला असं वाटतं की, कीटक थंडी कशी सोसतात या अभ्यासाचा जन्म बर्फाच्या मुलखात झाला. फ्रान्समध्ये रेओम्यूर या निसर्ग-अभ्यासकाने 1730 च्या दशकात सुरवंट थंडीत ठेवून पाहिले. काही मेले, काहींनी तेवढीच थंडी सोसली. हा फरक कशाचा, ते मात्र कळेना.

खरी वाट सापडली ती एका भौतिकशास्त्रज्ञाला. बल्गेरियातल्या सोफियात शिकवणाऱ्या रशियन पोर्फिरी बाख्मेत्येवने 1890 च्या दशकात तापमान मोजणारी विजेची सुई थेट कीटकाच्या अंगात खुपसली. पारा शून्याच्या बराच खाली उतरला तरी अंगातला द्रव पातळच राहिला. मग एका क्षणी तापमान एकदम वर उसळलं! आत बर्फ धरला होता, आणि धरताना त्याने उष्णता सोडली होती. कीटक गोठतो तो क्षण माणसाने असा पहिल्यांदा आकड्यात पकडला.

हा द्रव पातळ ठेवतं कोण, ते 1957 च्या सुमारास उलगडलं. कॅनडात सॉल्ट या कीटकशास्त्रज्ञाला थंडी सोसणाऱ्या कीटकांत ग्लिसरॉल सापडलं. तेच, जे आपण हिवाळ्यात फुटलेल्या टाचांना ग्लिसरीन म्हणून लावतो. त्याच वर्षी जपानच्या चिनोने दाखवलं की, रेशीमकिड्याची सुप्तावस्थेतली अंडी आपल्यातल्या ग्लायकोजेनचं, म्हणजे साठवलेल्या साखरेचं, ग्लिसरॉल आणि सॉर्बिटॉल करतात. आपल्या कर्नाटकातल्या जुन्या म्हैसुरी रेशीमकिड्याला मात्र हे करावं लागत नाही. तो वर्षभर पिढ्या काढतो, त्याची अंडी झोपतच नाहीत.

पुढे 1987 साली अमेरिकेत ली, चेन आणि डेनलिंजर यांना आणखी एक गोष्ट दिसली. उणे 10 अंशांत एरवी मरणारी मांसमाशी आधी दोन तास 0 अंशात ठेवली, तर बहुतेक वाचते. म्हणजे तयारीला अख्खा ऋतू लागतोच असं नाही.

पण बेळगावात पाणी कुठे गोठतं? पहाटे पारा दहा-बारा अंशांवर येतो, तरी माशी आखडते. हा प्रश्न बर्फाचा नव्हे, क्षारांचा आहे. पेशींच्या पडद्यावर सोडियम-पोटॅशियमची ने-आण करणारे पंप गारठ्यात मंदावतात. मज्जातंतू आणि स्नायूंना इशारे मिळेनासे होतात, आणि किडा जागीच थिजतो. थंडी लांबली तर रक्तात पोटॅशियम साचत जातं, स्नायूंच्या पेशी मरू लागतात आणि अंगात बर्फाचा कणही नसताना किडा दगावतो. रात्रीपुरता गारठा असेल, तर ऊन लागताच हे पंप पुन्हा वेग धरतात. मगच तो पहिला पाय हलतो.