बाळाच्या हृदयाचं ऑपरेशन: योजनांचा क्रम, पात्रता आणि लागणारे कागद

इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट आला की डॉक्टरांकडून एक गोष्ट लिहूनच घ्या: ऑपरेशन किती दिवसांत व्हायला हवं. पुढची सगळी धावपळ त्यावर ठरते. मुख्य रक्तवाहिन्यांची अदलाबदल (टीजीए) असेल तर साधारण पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच. हृदयाच्या पडद्यात मोठं छिद्र (व्हीएसडी) असून बाळ दूध पिताना घामाघूम होत असेल, वजन धरत नसेल, तर बहुतेकदा ३ ते ६ महिन्यांत. टेट्रालॉजी (हृदयातले चार दोष एकत्र) असेल तर सहसा ६ महिने ते वर्ष. बरीच लहान छिद्रं आपोआप बुजतात. त्यांना अधूनमधून इको पुरतो.

महाराष्ट्रात सुरुवात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमापासून करावी. ० ते १८ वयाच्या मुलांची तपासणी आणि उपचार यांसाठीचा तो सरकारी कार्यक्रम आहे. आशाताई ४२व्या दिवसापर्यंत घरी येतात, त्यांना सांगा. त्यानंतर अंगणवाडीत येणारं तपासणी पथक. बाळ खाजगी दवाखान्यात जन्मलं असेल तर इको घेऊन थेट जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत (मुलांचे जन्मजात दोष लवकर हाताळणाऱ्या केंद्रात) जा. तिथून इको शिबिरात आणि पुढे ऑपरेशन करणाऱ्या रुग्णालयात चिठ्ठीसह पाठवतात. खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी केंद्रात तर मुलांची हृदयशस्त्रक्रिया पूर्ण मोफत होते, तिथे बिलाचा काउंटरच नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना

राज्य सरकारच्या या मोफत उपचार योजनेत जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, आणि पिवळं, केशरी, पांढरं अशी सर्व रेशनकार्डं चालतात. त्यामुळे इथे उत्पन्नाच्या दाखल्यामागे धावू नका. अंगीकृत (योजनेत सामील) रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, हे कागद घेऊन भेटा: आई-वडिलांचं आधार, रेशनकार्ड, बाळाचा जन्मदाखला, इको आणि डॉक्टरांची चिठ्ठी. नोंदणी झाली की रुग्णालय ऑनलाइन पूर्वमंजुरी मागतं, ती आल्यावर ऑपरेशन. बाळ अत्यवस्थ असेल तर फोनवर कळवून मंजुरी घेता येते, कागद नंतर देता येतात. आरोग्यमित्र ‘आधी कार्ड आणा’ म्हणाला तर १५५३८८ वर फोन करा. पैसे मागितले तरी तोच नंबर.

अडतं कुठे? सर्वांत जास्त जन्मदाखल्यावर. बारसं झालं नाही म्हणून लोक दाखलाच काढत नाहीत. नावाशिवायही जन्मनोंद होते, २१ दिवसांत ती विनाशुल्क आहे, आणि नाव १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं. तेव्हा दाखला आधी, नाव सावकाश. दुसरी अडचण बाळंतपणाच्या माहेरपणाची: आई-बाळ एका जिल्ह्यात, रेशनकार्ड सासरच्या जिल्ह्यात, आईचं नाव अजून माहेरच्याच कार्डावर. वडिलांचं नाव असलेलं मूळ कार्ड मागवून घ्या. तिसरी म्हणजे नावाचं स्पेलिंग. जन्मदाखल्यावर, आधारवर आणि रेशनकार्डावर आईचं नाव तीन तऱ्हांनी असेल तर मंजुरी तिथेच अडकते.

योजनेत बसलं नाही तर

धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात (महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याचं कलम ४१ कक). वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांना १ लाख ८० हजार, दुर्बलांना ३ लाख ६० हजार. तहसीलदाराचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा. दाखल होतानाच सांगा. बिल तयार झाल्यावर सवलत मागणं म्हणजे वादाला आमंत्रण.

मुख्यमंत्री सहायता निधी शेवटी. वरच्या योजनांतून काम होत असेल तर तो मिळत नाही. वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत हवं. अर्जासोबत लहान बाळासाठी आईचं आधार, रेशनकार्ड, चालू वर्षाचा उत्पन्न दाखला, वैद्यकीय रिपोर्ट, दाखल असल्याचा जिओ टॅग (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो आणि खर्चाचं अंदाजपत्रक. खाजगी रुग्णालयाचं अंदाजपत्रक जिल्हा शल्यचिकित्सकांकडून प्रमाणित करून घ्यावं लागतं. त्यात आजाराचं आणि ऑपरेशनचं नाव नसेल, नुसतीच रक्कम असेल, तर अर्ज परत येतो. रुग्णालय निधीच्या यादीत आहे ना, हे आधी विचारा. पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जातात. आधीच भरलेल्या बिलाची भरपाई घरी गेल्यावर मिळत नाही. उसनवारी करून बिल भरायचं आणि मग अर्ज करायचा, हा बेत म्हणूनच फसतो.

फुले योजनेत डिस्चार्जनंतर १० दिवसांपर्यंतची फेरतपासणी आणि घरी जायचं एसटी किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं धरलेलं असतं. बरेच जण ते मागतच नाहीत. डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनची नोंद यांच्या दोन-तीन झेरॉक्स काढून ठेवा. पुढे साधा दात काढायचा झाला तरी आधी अँटिबायोटिक द्यायचं का, हे दंतवैद्य त्यावरूनच ठरवतो.