गेमिंग लॅपटॉप घेताय? आधी अ‍ॅडॅप्टर उलटा करून बघा

इंजिनिअरिंगचे प्रवेश सुरू झाले की काउंटरवर एकच मागणी येते: गेम मस्त चालले पाहिजेत आणि बॅटरी दिवसभर पुरली पाहिजे. नेहमीच्या बजेटमध्ये या दोन्ही गोष्टी एकाच मशीनमध्ये बसत नाहीत. बसतात असं कोणी सांगितलं, तर त्याच्याकडून आधी अ‍ॅडॅप्टर मागून घ्या.

अ‍ॅडॅप्टरवर बारीक अक्षरांत आउटपुटचे व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात. त्यांचा गुणाकार म्हणजे वॉट, म्हणजे अ‍ॅडॅप्टर मशीनला किती वीज देऊ शकतो तो आकडा. साध्या लॅपटॉपवर बहुधा 20 व्होल्ट, 3.25 अँपिअर दिसेल, म्हणजे 65 वॉट. गेमिंगच्या कितीतरी मॉडेल्सवर 20 व्होल्ट, 11.5 अँपिअर, म्हणजे 230 वॉट. शिवाय ही वीट रोज सॅकमधून तुम्हालाच वाहायची आहे.

आता बॅटरी. तिची क्षमता वॉट-अवरमध्ये मोजतात. समजा बॅटरी 60 वॉट-अवरची आहे. ब्राउझर, नोट्स, पीडीएफ अशा कामाला 10 वॉट लागले, तर सहा तास मिळतील. गेम लावला आणि खर्च 60 वॉटवर गेला, की तासाभरात खेळ खल्लास. मग बॅटरीच मोठी का देत नाहीत? विमानात विशेष परवानगीशिवाय 100 वॉट-अवरपर्यंतचीच बॅटरी नेता येते, म्हणून मोठमोठ्या मॉडेल्सचीही 99 च्या आसपास थांबते. तेवढी बॅटरी स्वस्तात मिळतही नाही.

चार्जर काढला की गेम अडखळायला लागतो, हे अनेकांना बिघाड वाटतं. तो बिघाड नाही. भिंतीतून मिळते तेवढी वीज बॅटरी एका दमात देऊ शकत नाही, म्हणून मशीन स्वतःच प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाला (गेमची चित्रं तयार करणाऱ्या भागाला) लगाम घालतं. गेमिंग लॅपटॉप पूर्ण ताकदीने चालतो तो प्लगवरच.

कार्डाच्या नावालाही भुलू नका. एनव्हिडियाचं आरटीएक्स 4060 लॅपटॉपमध्ये 35 पासून 115 वॉटपर्यंत वेगवेगळ्या मर्यादेवर बसवता येतं. स्टिकर तोच, किंमत जवळपास तीच, पण सडपातळ मॉडेलमधलं कार्ड बऱ्याचदा कमी वॉटवर बांधलेलं असतं. हा आकडा खोक्यावर क्वचितच सापडतो. मॉडेल नंबर सांगा, आम्ही शोधून देऊ.

मग घ्यायचं काय? दिवसभर लेक्चर, लायब्ररी, एसटीचा प्रवास आणि रात्री व्हॅलोरंटसारखा हलका गेम एवढंच असेल, तर वेगळ्या ग्राफिक्स कार्डावर पैसे घालवू नका. चांगल्या इंटिग्रेटेड, म्हणजे प्रोसेसरमध्येच असलेल्या ग्राफिक्सवर व्हॅलोरंट खुशाल चालतो, आणि बॅटरीही पुरते. सायबरपंक 2077 सारखा जड गेम किंवा थ्रीडी रेंडरिंग असेल, तर मात्र कार्ड लागणारच. तेव्हा बॅटरीचा हट्ट सोडा आणि पैसा कार्डाच्या वॉटमध्ये आणि कूलिंगमध्ये घाला. हॉस्टेलच्या टेबलाशी सॉकेट असेल तर काही अडत नाही. एवढंच की पलंगावर गादीत रुतवून खेळू नका, खालच्या जाळ्या बंद होतात.

गेमिंग मशीन कॉलेजला न्यायचंच असेल, तर ग्राफिक्स हायब्रिड मोडवर ठेवा, म्हणजे साध्या कामाला मोठं कार्ड जागं होत नाही. स्क्रीनचा रिफ्रेश रेट (चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं तो आकडा) 144 वरून 60 हर्ट्झवर आणा, ब्राइटनेस उतरवा. ‘बॅटरी वाचवणारी’ फुकट सॉफ्टवेअर टाकू नका, त्यांचा काडीचाही उपयोग नाही. मशीन कायम प्लगवर असेल तर कंपनीच्या अ‍ॅपमध्ये चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवायची सोय बघा. बॅटरी जास्त वर्षं टिकते.

दुकानात येताना कोणते गेम खेळता त्यांची नावं सांगा. डेमो मशीनवर गेम चार्जर लावून आणि काढून, दोन्ही प्रकारे चालवून बघा, मग पैशांचं बोलू.