मुक्त आणि आखीव खेळ (रग्बी)

पंधरा-पंधरा खेळाडूंच्या रग्बीत चेंडू हाती आल्यावर त्याचे काय करायचे, या प्रश्नाची दोन उत्तरे. पहिल्या उत्तरानुसार समोर फट दिसली की आपल्याच गोलरेषेपासूनसुद्धा पळत सुटावे, पकडले जाता जाता चेंडू साथीदाराकडे सोपवावा आणि पुढचे पुढे बघावे. दुसऱ्यानुसार चेंडू आधी लाथेने समोरच्याच्या हद्दीत पोचवावा, तिथे त्याची चूक होण्याची वाट पाहावी आणि मिळतील ते गुण पदरात पाडून घ्यावेत. या नोंदीत पहिल्याला मुक्त खेळ आणि दुसऱ्याला आखीव खेळ म्हटले आहे. इंग्रजी समालोचनात मुक्त खेळासाठी ‘फ्लेअर’ हा शब्द चालतो. तो बहुतेक वेळा फ्रान्सच्या नावाला जोडून येतो, जणू तिथल्या पाण्यातच काही आहे. पाण्यात काही नाही. जे आहे ते शिकवणीत आणि नियमावलीत आहे.

ठाण्याच्या जांभळी नाक्यावर दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी दोन हातांत पिशव्या घेऊन वाट काढणारा माणूस मुक्त खेळतो, आणि वाशीत सिडकोने आखून दिलेल्या सेक्टरांमधून जाणारा आखीव, असे सोयीसाठी समजायला हरकत नाही. मात्र जांभळी नाक्यावरचा माणूस वाट ‘सुचेल तशी’ काढतो हा नवख्याचा समज. हातगाडी कुठे वळते, कुठल्या दुकानापुढे गर्दी थबकते, हे त्याच्या पायांना वर्षानुवर्षांच्या सवयीने ठाऊक असते. रग्बीतल्या मुक्त खेळाचेही असेच आहे.

सावधपणाचे गणित

ट्रायला, म्हणजे समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवण्याला, ५ गुण. त्यानंतरची लाथ खांबांमधून गेली तर आणखी २. पेनल्टीच्या लाथेला ३, ड्रॉप गोललाही, म्हणजे चालू खेळात चेंडू टप्पा पाडून खांबांमधून मारण्यालाही, ३. हाताने चेंडू पुढे फेकता येत नाही, तो मागे किंवा बाजूलाच द्यावा लागतो. त्यामुळे चेंडू पुढे नेण्याचे मार्ग दोनच: पळणे आणि लाथ मारणे.

पळताना पकडला गेलेला खेळाडू खाली पडला, की त्याने चेंडू सोडलाच पाहिजे. साथीदार वेळेत पोचले नाहीत आणि तो चेंडू कवटाळून बसला, की पेनल्टी. ही चूक मैदानाच्या कुठल्या भागात झाली, यावर सगळे अवलंबून असते. समोरच्याच्या अर्ध्यात झाली तर फार तर चेंडू आणि थोडी जागा जाते. आपल्या अर्ध्यात झाली तर खांब प्रतिस्पर्ध्याच्या लाथेच्या टप्प्यात असतात आणि ३ गुण जवळजवळ हातातून गेलेले असतात. म्हणून जाणता फ्लाय-हाफ, म्हणजे चाल ठरवणारा दहा नंबरचा खेळाडू, आपल्या हद्दीतून चेंडू दूर टोलवतो तेव्हा तो घाबरलेला नसतो. पळण्यातली जोखीम त्याने समोरच्याच्या अंगणात ढकललेली असते. कबड्डीत चार गुणांची आघाडी असलेला चढाईपटू शेवटच्या दोन मिनिटांत कोपरारक्षकाच्या अंगावर जात नाही, मध्यरेषेजवळ पाय हलवत तीस सेकंद काढतो. ठाण्यातल्या मंडळांच्या सामन्यांत त्याला शिट्ट्या पडतात, पण त्याच्या प्रशिक्षकाची काही तक्रार नसते.

आखीव खेळाची दुसरी बाजू ताकदीची. लाइनआउटमध्ये, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू दोन्ही संघांच्या रांगांमध्ये परत फेकला जातो तेव्हा, दोघे जण तिसऱ्याला उचलून धरतात आणि तो हवेत चेंडू झेलतो. खाली येताच आठ-दहा जण त्याच्याभोवती एकमेकांना बिलगून पूर्ण घोळका पुढे रेटतात, त्याला मॉल म्हणतात. ज्यांनी ठाण्यातल्या दहीहंडीत नऊ थर लागताना पाहिले आहेत त्यांना यातले कौशल्य समजावून सांगावे लागणार नाही. कुणाचा खांदा कुणाखाली, वजन कुठल्या पायावर, ही सगळी महिन्यांच्या सरावाची गोष्ट असते. वर चढणाऱ्याचे नाव होते, तळाच्या थराला कुणी विचारत नाही. स्क्रमच्या, म्हणजे दोन्हीकडच्या आठ-आठ जणांनी वाकून खांदे भिडवून केलेल्या रेटारेटीच्या, पहिल्या रांगेतल्या खेळाडूंची तक्रारही नेमकी हीच असते.

फ्रान्स: शाळेत शिकवलेला उत्स्फूर्तपणा

मुक्त खेळाची जी उदाहरणे नेहमी दिली जातात त्यांत तीन फ्रेंच आहेत. १९८७च्या पहिल्या विश्वचषकात सिडनीच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध शेवटच्या क्षणी अनेक हातांतून फिरलेला चेंडू घेऊन फुल-बॅक, म्हणजे सर्वांत मागचा खेळाडू, सर्ज ब्लांकोने कोपऱ्यात मारलेली झेप. १९९४ साली ऑकलंडच्या ईडन पार्कवर फ्रान्सने आपल्याच हद्दीतून सुरू केलेली आणि जाँ-लुक सादूर्नीने पूर्ण केलेली ट्राय. तो सामना फ्रान्सने २३-२० असा जिंकला. आणि १९९९च्या विश्वचषकाचा ट्विकनहॅमवरचा उपांत्य सामना: उत्तरार्धाच्या सुरुवातीला न्यूझीलंड २४-१० असे पुढे, आणि शेवटी फ्रान्स ४३, न्यूझीलंड ३१.

हा तिसरा सामना ‘फ्रेंचांना लहर आली’ असे म्हणून सांगितला जातो. त्याच वर्षी पाच राष्ट्रांच्या (आताच्या सहा राष्ट्रांच्या) स्पर्धेत फ्रान्स शेवटचा आला होता आणि जूनमध्ये न्यूझीलंडकडून ५४-७ असा हरला होता, त्यामुळे लहरीची गोष्ट पटायलाही सोपी. पण तेव्हा बाकावर कोण बसले होते ते पाहावे. जाँ-क्लोद स्क्रेला आणि प्येर व्हिलप्रो या जोडीने १९८०च्या दशकात तुलूझच्या संघाला हालचालींचा खेळ शिकवला होता. त्यामागचा विचार रने देलप्लास यांचा, आणि हे देलप्लास गणिताचे शिक्षक! पाठ केलेल्या चालींऐवजी खेळाडूने समोरची बचावफळी ‘वाचावी’, ती पसरली असेल तर मधून घुसावे, आक्रसली असेल तर कडेने जावे, आणि आसपासच्या सगळ्यांनी तीच गोष्ट त्याच क्षणी ओळखावी, अशी ही शिकवण. बाहेरून पाहणाऱ्याला ती उत्स्फूर्त वाटते. पंधरा जणांना एकाच वेळी एकच गोष्ट सुचणे हा योगायोग नसतो.

शिवाय फ्रान्स नेहमी मुक्त खेळलाच असेही नाही. १९७७ साली पाच राष्ट्रांच्या स्पर्धेतले चारही सामने तेच पंधरा खेळाडू उतरवून, एकही ट्राय न देता त्यांनी जिंकले, तेही धिप्पाड फॉरवर्ड्सच्या, म्हणजे स्क्रम आणि लाइनआउट सांभाळणाऱ्या पुढच्या आठ जणांच्या, जोरावर. कर्णधार जाक फुरू पुढे प्रशिक्षक झाला तेव्हाही त्याचा विश्वास ताकदीवरच होता. ब्लांको त्याच्याच संघात होता, हा भाग वेगळा. अलीकडच्या काळात फाब्यँ गाल्तिए यांच्या संघाने २०२२ साली सहा राष्ट्रांच्या स्पर्धेतले सगळे सामने जिंकून ग्रँड स्लॅम मिळवला तो लाथांचा भरपूर वापर करून, आणि शॉन एडवर्ड्स या इंग्रज माणसाने बांधलेल्या बचावावर. चेंडू समोरच्याला द्यायचा, त्याला गडबडवायचे, आणि तो चुकला की अँत्वान द्यूपाँने क्षणात पळ काढायचा. यातले मुक्त किती आणि आखीव किती, हे वेगळे करायला गेले तर हाती काही लागत नाही.

वेल्सचा १९७०च्या दशकातला संघ आणि २७ जानेवारी १९७३ रोजी कार्डिफमध्ये बार्बेरियन्स संघाने न्यूझीलंडविरुद्ध केलेली ट्राय, ज्यात फिल बेनेटने आपल्या गोलरेषेजवळ तिघाचौघांना चकवले आणि शेवटी गॅरेथ एडवर्ड्सने चेंडू टेकवला, यांचा उल्लेख इथे केवळ रिवाज म्हणून. बार्बेरियन्स हा निमंत्रितांचा संघ. त्याला गुणतक्त्याची चिंता नव्हती.

खडूसपणा

मुंबईच्या क्रिकेटला ‘खडूस’ म्हणतात आणि ते कौतुकाने म्हणतात. विकेट फेकायची नाही, खेळपट्टीवर ठाण मांडायचे, समोरच्याला थकवायचे. या वळणावर मुंबईने चाळीसहून अधिक वेळा रणजी करंडक जिंकला. ज्या ठाणेकराला हे गुण वाटतात त्याने दक्षिण आफ्रिकेच्या रग्बीला कंटाळवाणी म्हणण्याआधी जरा थांबावे.

दक्षिण आफ्रिकेने चार विश्वचषक जिंकले. त्यांपैकी तीन अंतिम सामन्यांत त्यांनी एकही ट्राय केली नाही: १९९५ साली न्यूझीलंडवर १५-१२, जादा वेळेतल्या जोएल स्ट्रान्स्कीच्या ड्रॉप गोलवर, २००७ साली इंग्लंडवर १५-६, आणि २०२३ साली पुन्हा न्यूझीलंडवर १२-११. या शेवटच्या सामन्यात त्यांचे सगळे गुण हान्द्रे पोलार्डच्या चार पेनल्टींचे. सामन्यातली एकमेव ट्राय न्यूझीलंडची होती आणि न्यूझीलंड हरले. त्याआधीची उपांत्यपूर्व फेरी २९-२८ आणि उपांत्य फेरी १६-१५. एकेका गुणाने तीन सामने जिंकणे याला नशीब म्हणता येईल; एकाच संघाला ते लागोपाठ तीनदा लाभावे, याला मात्र नशीब म्हणणे जड जाते. अंतिम सामन्यात त्यांच्या आठ राखीव खेळाडूंपैकी सात फॉरवर्ड होते. उत्तरार्धात ताज्या दमाची जवळजवळ पूर्ण आघाडी मैदानात उतरवायची, असा तो बेत होता.

याच संघाने २०२४ साली न्यूझीलंडच्या टोनी ब्राऊन यांना आक्रमणाचे प्रशिक्षक नेमले आणि चेंडू हाताने बराच जास्त खेळवू लागला. खडूस फलंदाजाने जम बसल्यावर फटके मारावेत, तसे.

उलट उदाहरण इंग्लंडचे. १९९१च्या विश्वचषकात ते फॉरवर्ड्सच्या जोरावर आणि लाथांवर अंतिम फेरीत आले; उपांत्य फेरीत स्कॉटलंडला ९-६ असे हरवताना ट्राय एकही नव्हती. ‘हा काय खेळ आहे?’ अशी टीका झाली, ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड कॅम्पीसीने जाहीर खिल्ली उडवली. अंतिम सामन्यात इंग्लंडने आपला खेळ बदलून चेंडू सतत पसरवला आणि १२-६ असे ते हरले. लोकांच्या बोलण्यावर घर बदलू नये, एवढेच.

फिजीचा उल्लेख ओघाने आला पाहिजे. सात-सात खेळाडूंच्या रग्बीत मैदान तेवढेच आणि माणसे निम्मी, म्हणजे मोकळी जागाच जागा. तिथे मुक्त खेळ हेच सावध गणित ठरते. रिओ २०१६ आणि टोकियो अशी लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णपदके फिजीने जिंकली. २०२४ साली पॅरिसमध्ये त्यांना अंतिम सामन्यात २८-७ असे हरवले ते फ्रान्सने.

नियमावली काय ठरवते

२ फेब्रुवारी १९६३ रोजी एडिंबरोच्या मरेफील्डवर वेल्सने स्कॉटलंडला ६-० असे हरवले. वेल्सचा कर्णधार क्लाइव्ह रोलंड्सने चेंडू इतक्या वेळा लाथेने बाहेर घालवला, की सामन्यात १११ लाइनआउट झाले. नियमानुसार त्यात काहीच वावगे नव्हते, आणि तीच अडचण होती. काही वर्षांतच नियम बदलला: स्वतःच्या गोलरेषेजवळचा पट्टा सोडून इतर ठिकाणाहून चेंडू टप्पा न पडता थेट बाहेर घालवला, तर लाइनआउट जिथून लाथ मारली तिथल्या समोर. मैदानाचा फायदा शून्य. १९७०च्या दशकातले मोकळे वेल्श रग्बी आठवताना लोक खेळाडूंची नावे घेतात, या नियमाचे कोणी घेत नाही.

ट्रायचे गुण १९७१ साली ३ वरून ४ झाले आणि १९९२ साली ५. चार ट्राय केल्यास गुणतक्त्यात एक जादा गुण, ही पद्धत विश्वचषकात २००३ पासून आणि सहा राष्ट्रांच्या स्पर्धेत २०१७ पासून आहे. २०२१ साली आलेला ‘५०-२२’ नियम सर्वांत चतुर. आपल्या अर्ध्यातून मारलेला चेंडू मैदानात टप्पा पडून समोरच्याच्या २२ मीटर पट्ट्यातून बाहेर गेला, तर लाइनआउटची फेक लाथ मारणाऱ्याच्याच संघाची. वरवर पाहता हे लाथेला दिलेले बक्षीस आहे. पण त्या भीतीने बचावातला एखादा खेळाडू मागे उभा राहतो, पुढची भिंत तेवढी विरळ होते, आणि पळणाऱ्याला फट मिळते.

पळवाटाही निघतात. लाथ मारणाऱ्याच्या पुढे उभे असलेल्या साथीदारांना खेळात भाग घेता येत नाही, पण झेलणाऱ्याने पाच मीटर पळताच ते आपोआप नियमात येत. म्हणून ते आहेत तिथेच उभे राहू लागले, झेलणारा पळेना, आणि दोन्हीकडचे फुल-बॅक एकमेकांकडे चेंडू टोलवत बसले. द्यूपाँच्या नावाने ओळखली जाणारी ही पळवाट १ जुलै २०२४ पासून बंद झाली. आता अशा खेळाडूंना मागे सरकावेच लागते.

प्रो कबड्डीमुळे घराघरांत पोचलेला तिसऱ्या चढाईचा नियम याच जातीचा. लागोपाठ दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरीत गुण आणा, नाहीतर बाद व्हा. मध्यरेषेजवळ रेंगाळणाऱ्या चढाईपटूचा स्वभाव त्याने बदलला नाही, त्याचा हिशेब बदलला.

ठाण्यातून पाहताना

मुंबई परिसरात रग्बीचे जुने घर म्हणजे १८७५ साली स्थापन झालेला बॉम्बे जिमखाना. ठाण्याचे दादोजी कोंडदेव क्रीडागृह आणि नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम ही प्रामुख्याने क्रिकेट-फुटबॉलची मैदाने. त्यामुळे खाडीच्या दोन्ही बाजूंना आंतरराष्ट्रीय रग्बी बघायची ती पडद्यावर, आणि वेळा अशा, की आवड असल्याशिवाय कुणी त्या वाटेला जाणार नाही. ऑकलंडमध्ये हिवाळ्यात संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना इथे दुपारी साडेबाराला, शनिवारच्या जेवणाआधी. पॅरिसचा २०२३चा अंतिम सामना मध्यरात्री साडेबाराला. नव्या प्रेक्षकाला आधी मुक्त खेळ आवडतो, कारण पळणारा माणूस समजायला नियम लागत नाहीत. स्क्रमची गोडी लागायला वेळ जातो.

दोन्ही खेळ एकाच सामन्यात पाहायचे तर १९ सप्टेंबर २०१५चा ब्रायटनमधला जपान विरुद्ध दक्षिण आफ्रिका हा सामना काढावा. प्रशिक्षक एडी जोन्स यांनी जपानला कमालीचे घोटून तयार केले होते. आयुमू गोरोमारूची उत्तरार्धातली ट्राय लाइनआउटवरून ठरवून केलेल्या चालीची होती, पाठ केलेल्या कवितेसारखी. शेवटी जपान २९-३२ असे मागे असताना त्यांना पेनल्टी मिळाली. ३ गुण घेतले असते तर बरोबरी, आणि दोनदा विश्वविजेत्या ठरलेल्या संघाशी बरोबरी म्हणजे जपानसाठी इतिहासच. जोन्स यांना तेच हवे होते. कर्णधार मायकेल लीचने खांबांकडे न पाहता स्क्रम मागितला. चेंडू आधी उजवीकडे गेला, मग डावीकडे फिरला, आणि कार्न हेस्केथने कोपऱ्यात तो टेकवला तेव्हा ८० मिनिटे केव्हाच उलटून गेली होती. जपान ३४, दक्षिण आफ्रिका ३२.